ओढून आणलेली होडी

सांगायची नव्हती मला ही गोष्ट. सोसायटीच्या अंकात ज्येष्ठांचे चार शब्द पाहिजेत म्हणून चिटणीसबाई तीनदा घरी आल्या, आणि तिसऱ्यांदा आल्या त्या कोरे कागद आणि पेन घेऊनच. मी चौथीतून शाळा सोडली, तेव्हा शुद्धलेखन त्यांनीच बघावं. बंदरावर आम्ही मालवणीत बोलतो. तसंच लिहिलं तर घाटावरच्या वाचकाला अर्धं कळायचं नाही, म्हणून बोलणं सोपं करून घातलं आहे आणि शिव्या गाळल्या आहेत. त्यामुळे गोष्ट आखूड झाली, त्याला माझा इलाज नाही.

तर एका किनाऱ्यावर एक वृद्ध तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. अर्धं आयुष्य त्याने मासेमारी केली, आणि जाळ्यात मासळी येईनाशी झाली तेव्हा पाहुण्यांना समुद्राचा तळ दाखवायला नेणारी होडी चालवू लागला. पाठीवर हवेची टाकी बांधून लोक खाली जातात, पोवळी बघतात, रंगीत मासे बघतात, आणि वर येऊन भजी खातात. ह्याला स्कूबा म्हणतात. तांडेल स्वतः कधी टाकी बांधून खाली गेला नाही. तो वर होडीत बसून पाण्यावर फुटणाऱ्या बुडबुड्यांकडे बघत राही. लोकांना वाटे, म्हातारा पेंगतो आहे.

त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा, अंगाने काटक, पाण्यात निर्भय. तीन वर्षं तो टाक्या भरत होता, कमरेला बांधायचे शिशाचे पट्टे वाहत होता, पाहुण्यांच्या पायांत रबरी पंखे चढवत होता. शेजारच्या होडीवरचे गाईड त्याला 'पट्टेवाला' म्हणून चिडवत. मग तो गाईडची परीक्षा पास झाला, कागद आला, आईने तो देवाच्या तसबिरीमागे ठेवला. पण कागद आला म्हणून कोणी गाईड होत नाही. तांडेल ज्या दिवशी पाहुणा तुमच्या हाती देईल, त्या दिवशी तुम्ही गाईड. आमच्या म्हाताऱ्याने ते द्यायला सबंध हंगाम लावला. अखेर मे महिना सरत आला, पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायला चार दिवस उरले, तेव्हा एका संध्याकाळी तो म्हणाला,

"उद्या घाटावरचा एक गुळाचा व्यापारी येतोय. त्याला तू खाली ने. एकटा."

शिष्याने मान डोलावली. घरी जाताना तो अर्धा रस्ता पळतच गेला.

पहाटे उठला तर नाक गच्च.

सर्दी झालेल्या माणसाने खाली जायचं नाही, हा नियम आमच्याकडे टाकी उचलायच्या आधी शिकवतात. कारण साधं आहे. जसं खोल जावं तसं पाणी कानावर दाब देतं. थोडं थोडं खाली गेलं की नाक चिमटीत धरून आतल्या आत हवा फुंकायची, म्हणजे कान मोकळा होतो. सर्दीत तो होत नाही. शिष्याला हे तोंडपाठ होतं. ह्याच कारणासाठी त्याने त्या हंगामात तीन पाहुण्यांना होडीवरून उतरवलं होतं. पण नियम पाहुण्यांसाठी असतात असं तरुणपणी वाटतं.

तो अंथरुणावर बसून विचार करू लागला. आज नाही म्हटलं तर पुढची पाळी थेट पावसाळा संपल्यावर. चार महिने पुन्हा पट्टेवाला. आणि म्हातारा काय म्हणेल? तीन वर्षांनी विश्वास टाकला, आणि नेमका आजच हा शिंकतो आहे!

घरात सर्दीच्या गोळ्या होत्या. त्याने एक घेतली. मग खात्रीसाठी आणखी एक. अर्ध्या तासात नाकातून हवा ये-जा करू लागली. त्याने नाक दाबून फुंकून पाहिलं. उजवा कान सुटला. डावा जरा कुरकुरला, मग तोही सुटला.

"झालं," तो आरशातल्या स्वतःला म्हणाला, आणि बंदरावर गेला.

व्यापारी आधीच येऊन उभा होता. गडी दणकट, मिशा झुपकेदार, आणि आतून पुरता घाबरलेला.

"मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेलो नाही राव," तो म्हणाला. "नदीवर गेलो तरी तांब्यानं अंघोळ करणारा माणूस. पण बायकोला सांगून आलोय, समुद्राचा तळ बघितल्याबिगर घरात पाय ठेवायचा न्हाई. मास्तर, जीव तुमच्या हातात दिला बघा."

शिष्याला जन्मात कोणी मास्तर म्हटलं नव्हतं. त्याची छाती फुगली.

"काका, काही घाबरू नका!" तो म्हणाला.

"घाबरलोय, पण बहिरा न्हाई मी. जरा हळू बोला."

शिष्य हसला. तांडेल हसला नाही. सुकाणूपाशी उभा राहून तो शिष्याकडे बघत होता.

होडी निघाली. व्यापारी पुढच्या टोकाला वारा खात बसला. शिष्य मागे टाक्यांजवळ बसून चाव्या तपासत होता. इतक्यात तांडेलाने एक चमत्कारिक गोष्ट केली. नेहमी आपल्या पायाशी असणारा पेट्रोलचा डबा त्याने सरकवून शिष्याच्या पायाशी आणला. खाली वाकून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला हात लावला. सांध्याखाली एक फडकं घातलं, आणि पुन्हा उभा राहिला.

"काय रे झिला, काही वाटतंय का?"

"काय वाटायचं नाना? वारा पडलाय. पाणी काचेसारखं आहे."

होडी आणखी थोडी पुढे गेली. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं,

"नीट सांग. काही वाटत नाही?"

"नाना, पाहुण्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरलात!"

"हं," म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला, पण तेव्हा ते कोणी पाहिलं नाही.

खडकाळ बेटाच्या अलीकडे इंजिन खोकलं. दोन गचके दिले आणि बंद पडलं.

तांडेलाने दोरी ओढली. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली. शिष्य उठून मागे आला.

"बघू नाना, मी बघतो."

"तू पाहुण्याला बघ. इंजिन माझं आहे."

"पण नाना, नळीत..."

"सांगितलं ना, पाहुण्याला बघ!"

शिष्य मुकाट्याने पुढे गेला. ऊन चढलं. बंद होडी लाटेवर डुलू लागली की कोरड्या पायाच्या माणसाची काय दशा होते ते ज्याने भोगलं त्याला ठाऊक. व्यापारी आधी गप्प झाला, मग पिवळा पडला, मग पोहे समुद्राला अर्पण केले, आणि मग त्याला राग आला.

"अहो म्हातारबा, इंजिन तुमच्याच वयाचं हाय काय?"

तांडेल पुन्हा दोरी ओढू लागला.

"माणसांना भर समुद्रात आणून सोडता, लाज वाटत न्हाई? होडी झेपत नसंल तर घरी बसून नातवंडं खेळवा की! कुणी बसवलं तुम्हाला हितं?"

शिष्य खाली मान घालून ऐकत होता. त्याला वाटलं, आता म्हातारा उसळणार. ह्या म्हाताऱ्याने एकदा फौजदाराला होडीतून उतरवलं होतं, चपला काढल्या नाहीत म्हणून. पण तांडेलाने हात जोडले.

"चूक झाली, शेठ," तो म्हणाला. "होडी माझी, चूक माझी."

शिष्याने म्हाताऱ्याचे जोडलेले हात प्रथमच पाहिले. त्याला ते बघवेनात. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात दया थोडी आणि संताप जास्त होता. आजच! हंगामातले सगळे दिवस सोडून ह्या इंजिनाला आजच मरायचं होतं!

तासाभराने शेजारच्याची होडी बेटावरून परतताना दिसली. तिच्या तांडेलाने दोर फेकला आणि जिभेलाही मोकळीक दिली.

"काय म्हातारे तांडेल, आज आम्ही ओढायचं का तुम्हाला? आणि पट्टेवाल्या, पट्टे तरी भिजले काय रे आज?"

चाळीस वर्षांत म्हाताऱ्याची होडी कोणी ओढून आणली नव्हती. धक्क्यावर माणसं गोळा झाली. 'म्हातारा संपला!' असं त्यांतला एक जण ओरडला. व्यापारी उडी मारून उतरला, विजार गुडघ्यापर्यंत भिजवून घेतली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून आपल्या मुक्कामाच्या खोलीवर निघून गेला. उद्या सकाळी त्याची परतीची गाडी होती. म्हणजे शिष्याचा पहिला पाहुणा गेला तो गेलाच.

ऊन कलल्यावर शिष्य पान्हे घेऊन होडीवर गेला. निदान इंजिन तरी उघडून बघू, असा विचार. डबा जिथे होता तिथेच होता. नळीचा सांधा त्याने चाचपला, तो सैल होता. झिजलेला नव्हता, तुटलेला नव्हता, फक्त सैल. नळीत हवा शिरली की इंजिनाचा घसा कोरडा पडणारच. त्याने सांधा दोन बोटांनी आवळला, नळीतली हवा काढली, दोरी ओढली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं.

शिष्य बराच वेळ त्या चालू इंजिनाकडे बघत राहिला. मग ते बंद केलं आणि म्हाताऱ्याच्या अंगणात गेला. म्हातारा माडाच्या सावलीत बसून ओढायला दिलेला ओला दोर नीट गुंडाळत होता.

"तुम्ही मुद्दाम केलंत!"

म्हाताऱ्याने दोराचा एक वेढा घातला.

"मला गाईड होऊ द्यायचंच नव्हतं, तर पहिल्या दिवशी सांगायचंत! तीन वर्षं टाक्या उचलल्या मी. तुमच्या शब्दासाठी थांबलो. आणि तुम्ही सांधा सैल करून..."

"बस. ओरडू नकोस. सकाळपासून ओरडतोयस."

"मी ओरडत नाही!"

"कान बंद असलेल्या माणसाला तसंच वाटतं," म्हातारा हळू आवाजात म्हणाला.

"काय?"

शिष्याला ते नीट ऐकू आलं नव्हतं. गोळी केव्हाच उतरली होती. डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. त्याने नकळत मान वळवून उजवा कान पुढे केला, आणि पुढे केल्यावर स्वतःच ओशाळला. मग तो खाली बसला.

"कळलं तुम्हाला?" तो म्हणाला.

"शंका आली. व्यापाऱ्याने हळू बोल म्हटलं तेव्हा."

"मग तेव्हाच विचारायचं होतं."

"विचारलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?"

शिष्य बोटाने अंगणातली वाळू उकरू लागला.

"बरा आहे म्हणाला असतास," म्हातारा म्हणाला. "पाहुण्यासमोर तोंड खोटं बोललं असतं. म्हणून मी तुझ्या नाकाला विचारलं. तीन वर्षांत पेट्रोलचा थेंब सांडला तरी होडीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडणारा तू. आज पायाशी फडकं भिजलं आणि तुला पत्ता नाही. गोळीने हवा येते, झिला, वास येत नाही. दोनदा विचारलं तुला. 'नाना, पेट्रोल गळतंय' एवढं म्हणाला असतास, तर सांधा आवळला असता आणि तुला खुशाल खाली सोडलं असतं."

माडाच्या झावळ्या सळसळल्या. म्हाताऱ्याने दोर मांडीवर घेतला आणि तो प्रथमच शिष्याकडे न बघता बोलू लागला.

"बर्फाच्या कारखान्यावर तो एक आहे ना, ज्याला तुम्ही 'बहिऱ्या' म्हणून मागून हाका मारता आणि हसता? तो गाईड होता. माझ्याच होडीवर. तोही गोळी घेऊन आला होता. खाली जाताना काही त्रास झाला नाही, गोळीने दार उघडून दिलं होतं. गोळी उतरली ती तो तळाशी असताना. हवा कानात कोंडली. वर यायला लागला की कान फाटायचा, म्हणून हातभर वर यायचा आणि पुन्हा खाली जायचा. हातात पाहुणा. टाकीतली हवा संपत आलेली. मी वरून बघत होतो, बुडबुडे एकाच जागी. पुन्हा एकाच जागी. शेवटी पाहुण्यासाठी तो तसाच वर आला. पाहुणा संध्याकाळच्या गाडीने घरी गेला. ह्याचा एक कान तेव्हाच गेला, दुसरा वर्षभराने."

"हे मला ठाऊक नव्हतं."

"ऐक पुढे. त्या सकाळी मला शंका आली होती. मी त्याला चारचौघांत विचारलं, 'सर्दी आहे काय रे?' सगळे हसले. तो म्हणाला, 'नाही.' आणि मी इंजिन चालू केलं."

म्हाताऱ्याने दोराचा आणखी एक वेढा घातला. मग म्हणाला,

"माणसाला चारचौघांत पकडलं की तो खरं बोलायला शिकत नाही, नीट लपवायला शिकतो. ते माझ्या उशिरा लक्षात आलं. खाली गेल्यावर सगळं तुझ्या हातात, तिथे मी काही करू शकत नाही. पण कोण खाली जाईल, हे वर बसणाऱ्याने ठरवायचं असतं. तेवढ्यासाठीच तो वर बसतो."

"पण नाना, नाव तुमचं गेलं. तो माणूस तुम्हाला काय काय बोलला. मी मुकाट ऐकत होतो."

"माझं नाव चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात आहे, त्याला एका व्यापाऱ्याने काय होतंय? तुझं नाव आज पहिल्यांदा पाण्यात उतरत होतं. गाईडने धोका दिला, असं एकदा धक्क्यावर झालं की मग कितीही टाक्या उचल. इंजिनाने धोका दिला म्हटलं तर इंजिनाला काय वाटतंय?"

एवढं बोलून म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठला. त्या किनाऱ्यावर एक रीत होती. होडी ओढून आणली तर ज्याच्या चुकीने ती बंद पडली त्याने तो दोर खांद्यावर टाकून बाजारातून चालत जायचं आणि दोराच्या मालकाच्या घरी स्वतः पोचता करायचा. दोर भिजलेला असतो, जड असतो, आणि सगळं गाव बघत असतं. रीत त्यासाठीच आहे.

म्हाताऱ्याने दोराला हात घातला. त्याच्या आधी शिष्याने तो उचलला, खांद्यावर घेतला आणि अंगणाबाहेर पडला. म्हाताऱ्याने त्याला अडवलं नाही.

बाजारात माणसं थांबून बघू लागली. होडी म्हाताऱ्याची, तांडेल म्हातारा, मग दोर ह्याच्या खांद्यावर कसा? एका कोळणीने तोंडावर विचारलंच, "काय रे, म्हाताऱ्याचं ओझं वाहतोस काय?" तो म्हणाला, "नाही मावशी, माझंच आहे."

दोर ज्याचा होता त्या तांडेलाने घराच्या वरच्या खोल्या पाहुण्यांना दिल्या होत्या, आणि व्यापारी तिथेच उतरला होता. दोघं पडवीत चहा पीत बसले होते.

"पट्टेवाल्या, तू?" दोरवाला म्हणाला. "म्हातारा लाजला वाटतं."

शिष्याने दोर पायरीवर ठेवला. तो हळू आवाजात बोलायचा प्रयत्न करत होता, तरी ते पडवीभर ऐकू गेलं.

"इंजिन चांगलं आहे. चूक माझी होती. काका, मला सर्दी झाली होती आणि ती लपवून मी तुम्हाला खाली नेणार होतो. नानांनी ते ओळखलं आणि होडी बंद पाडली."

 दोरवाल्याला सर्दीचा अर्थ ठाऊक होता. व्यापाऱ्याला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हंजी? खाली काय झालं असतं?"

"कदाचित काही नाही. कदाचित मला तुम्हाला वर आणता आलं नसतं."

व्यापाऱ्याने बशी खाली ठेवली.

"आणि त्यांनी एवढ्या शिव्या खाल्ल्या माझ्या? एका शब्दानं सांगितलं असतं तर?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही मला परत कधी मास्तर म्हटलं नसतं."

"आता म्हणीन असं वाटतंय तुला?"

"नाही, काका."

व्यापारी उठला. मग त्याने पायांनी चपला चाचपल्या. "घर कुठलं त्यांचं?" त्याने विचारलं. विहिरीकडून डावीकडे, असं शिष्याने सांगितलं. व्यापारी एकटाच गेला आणि म्हाताऱ्याच्या अंगणात अर्धा तास बसून आला. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही कोणाला सांगितलं नाही. उठताना व्यापाऱ्याने वाकून नमस्कार केला, एवढं शेजारच्या बाईने पाहिलं.

शिष्याची पाळी हुकली ती हुकलीच. चार दिवसांनी होड्या वर ओढल्या, त्यांवर झावळ्या घातल्या, आणि त्या पावसाळ्यात तो पट्टेवालाच राहिला. मात्र दोर पोचवून परत येताना तो बर्फाच्या कारखान्यापाशी थांबला. तो बहिरा माणूस पाठमोरा होऊन लाद्या फोडत होता. शिष्याने त्याला मागून हाक मारली नाही. तो वळसा घालून समोर गेला, त्याने वर बघेपर्यंत उभा राहिला, आणि ओठ दिसतील असं सावकाश बोलला.

ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे त्याने 'आज मला जमणार नाही' एवढं म्हणायला शिकावं, आणि त्याच्या वरच्याने ते म्हणणं त्याला सोपं करून ठेवावं.

आता चिटणीसबाईंनी कागद न्यावेत. फक्त एक ओळ गाळू नये. गोष्टीतल्या परगावच्या व्यापाऱ्याला चूक कबूल करायला अर्धा तास पुरला. माझी होडी ओढून आणली त्या दिवशी 'म्हातारा संपला' असं धक्क्यावर चारचौघांत ओरडणाऱ्या माणसाला अकरा वर्षं पुरलेली नाहीत, आणि त्याचं घर माझ्या घरापासून चार माड सोडून आहे. त्याचं नाव भिवाजी तोरसकर.